पीळ

ओहोटी अकरा वाजून वीस मिनिटांनी.
तौसिफ साडेदहालाच बॅंडस्टॅण्डच्या कठड्यावर,
मांडीवर जीप, खरीच्या एक दशांश,
वजन अडीच किलो, घरच्या वरवंट्याएवढं.
मी मुलुंडला आयटीआयत टर्नर शिकवते.
हा दोन वर्षांपूर्वीच्या बॅचचा,
मायक्रोमीटर वाचताना एक डोळा मिटायचा,
अजून मिटतो.

काळा दगड. वर शेवाळ,
कडांना कालवांचे पांढरे ओठ, टायर चिरतील असे.
तो ट्रिगर दाबतो
आणि ऐन चढाच्या तोंडाशी जीप
डावा खांदा उचलते,
उजव्या स्प्रिंगवर बसते
फतकल मारून.
डावं पुढचं चाक हवेत,
फिरतंय, कुणाच्याच कामाचं नाही.
सोडला ट्रिगर, सरळ.
दाबला, वाकडी.

"मॅडम, उजवीकडे कडक स्प्रिंग घालतो."
घाल.
घातली. त्याच्या खिशात अख्खी नागदेवी स्ट्रीट असते.
आता ती उभ्या जागीच डावीकडे झुकलेली,
न चढताच थकल्यासारखी.

चिंबईची रेजिना बाजूच्या खडकावर कालवं फोडत होती.
"लंगडी हाय का गो तुजी गाडी?"
कोयती ठेवून आली,
मुठीएवढा ओला दगड
जीपच्या डाव्या खांद्यावर ठेवला.
चढली!
तौसिफनं टाळी वाजवली, मीसुद्धा.
मग उतरताना तोच दगड
तिला घेऊन आडवा झाला डबक्यात,
चारी चाकं आभाळाला.
"आता तुमी शिकलेली मानसं बगा,"
म्हणून ती परत कालवांकडे.

रात्री हजेरीपटाच्या पाठीवर रेघा मारत बसले.
शाफ्ट फिरतो, आसाला पिळतो.
आस चाकांवर, चाकं दगडावर,
दगड काही हलत नाही.
मग गाडीचंच अंग उलटं वळतं.
आई म्हणायची, सुंभ जळतो पण पीळ जात नाही.
तिला गिअर ठाऊक नव्हते,
ती माझ्याबद्दल बोलत असे.

तर पिळाशी भांडायचं नाही.
शाफ्टमधून जोर कमी पाठवायचा
आणि वाढवायचा तो अगदी शेवटी, चाकापाशी.
मोटरवरचं अकरा दात्यांचं पिनियन काढून तेराचं,
आसात क्राउन-पिनियन आणखी सावकाश फिरणारं.
बेरीज तीच.
फक्त मधल्या रस्त्यानं कुणी ओरडत जात नाही.

हे लिहिलं आणि पेन्सिल थांबली.
मी वर्कशॉपच्या दारातून ओरडायची,
लेथचा आवाज कापत,
आणि शेवटच्या मशिनवर एक पोरगा
डावा खांदा वर करून उभा राहायचा.
जॉब बिघडवायचा.
मी अजून जोरात.
एक डोळा मिटलेला.

हल्ली मशिनपर्यंत चालत जाते.
तिथं जे सांगायचं ते सांगते.
त्याला कधी हे बोलले नाही,
त्यानंही विचारलं नाही.

पितळेच्या दोन चकत्या मात्र स्वतः वळल्या,
पुढच्या चाकांच्या आत, अगदी खाली बसतील अशा,
सारख्या वजनाच्या, दोन्हीकडे.

पंधरा दिवसांनी ओहोटी पुन्हा तशीच.
तोच दगड, तीच कालवं, जरा कमी.
जीप तोंडाशी आली, थबकली.
तौसिफचं बोट हळू.
आधी तीन सूत उचलायची,
आता अर्धं.
मी पट्टी नेली होती, उगाच नाही सांगत.
अर्धं सूत आहेच. राहू दे.
चाक दगडाला धरून वर गेलं,
मग दुसरं.

रेजिनानं मान वर न करता म्हटलं,
"टेकला वाटतं पाय."

तौसिफ बाटलीतलं गोडं पाणी
आसांवर, शाफ्टवर ओततो,
मीठ राहिलं तर बेअरिंग आठवड्यात जातं.
बाटली मी धरते.
तो हातानं चाक फिरवत राहतो,
पाणी स्वच्छ येईपर्यंत.